फिल्म नंबर एक्केचाळीस

किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. आम्हाला तर काही साचू नये याचाच पगार मिळत होता. लखनौला आमच्या लॅबमध्ये स्टीलचं एक भांडं होतं, पाण्याच्या मोठ्या हंड्याएवढं, आणि त्यातली हवा काढत राहायची ही माझी नोकरी. नव्वद सालानंतरची सात-आठ वर्षं मी तेच केलं. भांड्यात काही उरू दिलं नाही, बाहेर हे किस्से तेवढे उरले. आता रिटायर झालोय, गुडघे धरलेत, ऐकणारे तुम्ही आयते सापडलात. हसू आलं तर हसा. मला आता सगळ्या ठिकाणी येत नाही.

आधी माणसं सांगतो. मी ढोके, टेक्निकल असिस्टंट, मूळ नागपूरचा, राहायला तेलीबागेत भाड्याने. माथुर सर लॅबचे प्रमुख, अस्सल लखनवी, झाडूवाल्यालाही 'आप' म्हणणारे. मिलिंद गजभिये हा त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी. मिलिंदचे वडील बाबूराव, भंडाऱ्याकडचे, रेल्वेच्या नोकरीपायी मानक नगरच्या क्वार्टरमध्ये तीस वर्षं काढलेले. पोरगा त्या कॉलनीतच वाढला, म्हणून मी मराठीत बोललो की तो निम्मं उत्तर हिंदीत द्यायचा.

आणि काम असं की, सुपरकंडक्टरची, म्हणजे विजेला अजिबात न अडवणाऱ्या पदार्थाची, पातळ काळी फिल्म, नखापेक्षा जरा मोठी, त्या भांड्यात ठेवायची. तिच्यावर एका खास दिव्याचा उजेड टाकायचा. उजेडाच्या धक्क्याने तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, ते मोजायचे. त्याचा ग्राफ निघतो, आणि ग्राफवरून कळतं की आत इलेक्ट्रॉन राहतात कसे. झालं. याच्यासाठी पोरं पाच-पाच वर्षं घालवायची.

*

भांडं रिकामं करणं म्हणजे नुसता पंप लावणं नव्हे. त्याला गरम पट्ट्या गुंडाळायच्या, वरून अॅल्युमिनियमचा कागद, आणि तीन दिवस तीन रात्री भाजायचं, म्हणजे आतल्या भिंतींना चिकटलेली वाफसुद्धा सुटते. एवढं करून शेवटच्या दिवशी लाइट जायची. मे महिन्यात तर रोज. पंप थांबला की केलेलं सगळं पाण्यात.

एकदा आठवड्यात तिसऱ्यांदा झालं तेव्हा सर मला घेऊन स्वतः सबस्टेशनवर गेले. तिथला इंजिनियर भला माणूस होता, त्याने वही उघडली आणि विचारलं, "प्रोफेसर साहब, नुक़सान क्या हुआ, लिखवाइए. अंदर रखा क्या था?"

सर शांतपणे म्हणाले, "जनाब, अंदर कुछ नहीं था. वही ख़राब हो गया."

त्याने पेन बंद केलं आणि आम्हाला चहा पाजून परत पाठवलं. लाइट जायची ती जातच राहिली.

*

छावणीतले एक मराठी कर्नलसाहेब होते, साताऱ्याकडचे. गणपतीत मिलिंदशी ओळख झाली आणि म्हणाले, तुमचं सुपरकंडक्टर बघायला येतो. आले. बूट काढा म्हटलं, काढले. मिलिंदने दोन आठवडे खपून केलेली फिल्म काचेच्या डबीतून काढून चिमट्याने दाखवली.

"हे? एवढंच?" साहेब म्हणाले, आणि उचलून बोटांत धरली.

आता तुम्हाला सांगतो, फिल्मच्या खोलातले इलेक्ट्रॉन बाहेर पोचत नाहीत. वरचे दोन-चार अणूंचे थर, बस्स. वर जे असेल तेच दिसणार. घाम असेल तर घाम दिसणार. मी डोळे मिटून घेतले. मिलिंद अगदी अदबीने म्हणाला, "राहू द्या साहेब, तुम्हीच ठेवा. आता यात आमचं काही निघणार नाही, तुमचं बोटच निघेल."

कर्नलसाहेबांनी ती फिल्म ड्रॉइंगरूमच्या शोकेसमध्ये ठेवली, मेडलांशेजारी. मिलिंदने दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात केली. एका शब्दाने कुरकुरला नाही. मी मात्र पुढे वर्षभर त्या माणसाला शिव्या घालत होतो. वर जे असेल तेच दिसतं, हे मी तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचो. स्वतः किती ऐकलं, ते पुढे येईलच.

*

बाबूराव ऑफिसात नकाशांच्या प्रती काढायचे. अमोनियाचं मशीन. त्यांच्या शर्टाला, डब्याला, सगळ्याला तो वास. खोकला जुनाच होता, पण बोलण्याची हौस दांडगी. रविवारी मी मानक नगरला गेलो की दारातच सुरू, "जयभीम ढोकेसाहेब. काय म्हणते तुमचं भांडं?"

एकदा त्यांनी विचारलं, हे हाय टेम्परेचर सुपरकंडक्टर म्हणता तर त्याला किती गरम लागतं? मी म्हटलं, उणे एकशे ऐंशीच्या आसपास. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. "अन् याले गरम म्हणता? मंग थंड कशाले म्हणता बापा?" त्यांची बायको आतून हसली तशी स्वतःही हसले आणि मग दहा मिनिटं खोकत राहिले.

पोरगा काय करतो हे त्यांना एकदा मी समजावलं होतं. उजेड टाकतो, इलेक्ट्रॉन निघतात, हा मोजतो. त्यांना ते पटलं. मोजणं हे काम त्यांना कळत होतं. त्यानंतर भेटले की एकच प्रश्न, "झाले का मोजून?"

"नाही अजून, बाबूराव."

"बरं. घाई नका करू. पण बरोबर मोजा म्हणा त्याले."

त्यांच्या कपाटावर वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेली एक वस्तू असायची. एकदा मिलिंद घरात नव्हता तेव्हा त्यांनी ती उतरवून मला दाखवली. सागवानी फळी, तिच्यावर पितळेची अक्षरं: डॉ. मिलिंद बा. गजभिये. पोरगा नुकताच पीएचडीला लागला होता, पहिली फिल्मसुद्धा झाली नव्हती, आणि यांनी अलमबागेतून पाटी करून आणली होती! म्हणाले, "आपल्या घरात दारावर आजवर नुसता क्वार्टर नंबर होता." मग परत गुंडाळून वर ठेवली, सुतळीची गाठ आधी होती तशीच मारून.

*

चाळीस फिल्म झाल्या. चाळीसही वाया.

आम्हाला हवी होती एज. धातूचा ग्राफ काढला तर एका ठिकाणी तो उभा तुटतो, भिंतीसारखा. ती एज. जे धातूसारखं नाही त्याचा ग्राफ तिथे उतार होऊन मरतो. या नव्या पदार्थांना ती भिंत आहे की नाही यावर तेव्हा जगभर भांडणं चालली होती. आमच्याकडे उतारच यायचा. एक तर फिल्मचा वरचा थर भांड्यात ठेवल्यावर खराब व्हायचा, आणि दुसरं म्हणजे फिल्म बसवायच्या छोट्या धातूच्या चकतीशी तिचा संपर्क नीट होत नाही, अशी शंका होती.

म्हणून एक्केचाळिसाव्या वेळी मी चांदीचा पेंट सढळ हाताने लावला. फिल्मच्या खाली लावला, बाजूंनी लावला, कडांवर थोडा वरही आणला. माझी कल्पना. त्या दिवशी ग्राफ काढणारं पेन सरळ चाललं, चाललं, आणि एका जागी धाडकन खाली आलं.

सर पेनकडे बघत उभे राहिले, मग खिशातून रेवडीची पुडी काढून आधी माझ्यापुढे धरली. "ढोके साहब, यह आपके हाथ का कमाल है."

नोकरीत माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. घरी जाऊन बायकोला तीनदा सांगितलं. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "अच्छा पापा, मतलब आपने पेंट किया?" हो, म्हटलं, पेंट केला.

पुढच्या प्रत्येक फिल्मला मी तसाच पेंट लावला आणि प्रत्येकीला एज आली. पेपर छापून आला. मिलिंदने थिसिस लिहिला, टाइप झाला, काळ्या कव्हरात बांधून गेला. बाबूरावांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "होत आले मोजून."

*

थिसिस गेल्यानंतर सहा महिन्यांनी विवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तारीख लागली. ज्या महिन्यात विवा, त्याच महिन्याच्या अखेरीस सर रिटायर होणार होते. मिलिंदची फेलोशिप संपलेली. बाबूराव हॉस्पिटलमध्ये होते, आणि डॉक्टरांनी मिलिंदला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता आठवड्यांचं गणित धरा.

विवाच्या बारा दिवस आधी सरांना वाटलं, परीक्षकांना दाखवायला एक ताजा ग्राफ असावा. फिल्म नंबर त्रेसष्ट. मी बसवली, मिलिंदने आत नेली, तापवून साफ केली, दिव्यासमोर आणली. बाहेरचा उजेड आत जाऊ नये म्हणून भांड्याच्या खिडकीच्या काचेवर कागद असायचाच, त्यामुळे आत डोकावता यायचं नाही. पेन चाललं आणि अशी एज आली की काय सांगू. सर म्हणाले, "आज तक की सबसे साफ़." ग्राफ कापून, गुंडाळी करून मॅडमना दाखवायला घरी घेऊन गेले.

आम्ही दोघं मागे थांबलो. मिलिंदने बाजूच्या छोट्या कप्प्यातून, भांड्यात हवा न शिरू देता, चकती बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. वाकून पाहिली.

"काका, आपण फिल्म लावली होती?"

"म्हणजे काय. या हातांनी लावली."

"हे बघा."

चकतीवर फिल्म नव्हती. चांदीच्या पेंटचा तेवढा डाग. तापवताना पेंटने फिल्म सोडली होती आणि ती भांड्याच्या तळाशी पडली होती. टॉर्च मारून पाहिलं तर दिसली, काळी, पालथी.

आम्ही ज्याचा ग्राफ काढला ती नुसती चांदी होती. चांदी धातू आहे. तिला एज असणारच. दिव्याचा उजेड फिल्मपेक्षा मोठा पडायचा, आजूबाजूच्या पेंटवरही, आणि मी तर पेंट कडांवर आणत होतो. ग्राफमध्ये खालच्या बाजूला चांदीची वेगळी खूणही होतीच. पण आम्ही एजच्या जागेपलीकडे लक्ष कुठे दिलं होतं? एक्केचाळीसपासून त्रेसष्टपर्यंत आम्ही माझा पेंट मोजत होतो.

वर जे असेल तेच दिसतं. मीच म्हणायचो ना?

मी खाली बसलो. मिलिंदने मला पाणी आणून दिलं. त्याला रागवावंसं वाटलं असेल तर मला दिसलं नाही. मीच म्हणालो, "पोरा, गप्प राहा. पाप माझं आहे, मी भोगीन. बापाकडे बघ."

तो म्हणाला, "हाँ काका." पण त्या हाँ मध्ये काही नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ती चकती सरांच्या टेबलावर ठेवली. मी दारात उभा होतो.

"इसमें फ़िल्म कहाँ है?"

"चेंबर के तले में, सर."

"और कल का ग्राफ?"

"इसी का है, सर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. समोर हातभर अंतरावर ती चकती. तीस वर्षांची नोकरी, आणि नावावर एकच पेपर असा की ज्याला बाहेरून पत्रं आली होती.

"गजभिये साहब, आपके वाइवा में कितने दिन हैं?"

"ग्यारह."

"तो ग्यारह दिन आप आराम कीजिए."

त्यांनी ड्रॉवर उघडला, चकती आत ठेवली आणि ड्रॉवर बंद केला. मला हायसं वाटलं. खरं सांगतो, तेव्हा मला फक्त हायसं वाटलं, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

मिलिंदने आराम केला नाही. सकाळी हॉस्पिटल, दुपारी लॅब. फिल्मला पेंट न लावता, मागून बारीक पट्टीने धरून, चांदीचा कण दिसणार नाही अशी बसवायची आणि मोजायची. रोज उतार. एकाही दिवशी एज नाही. दहाव्या दिवशी तो मला म्हणाला, "काका, हमारा असली रिज़ल्ट यही है. आपल्या फिल्मचा वरचा थर मेलेला आहे."

"आणि खरी एज आणायला किती दिवस?"

"दोन वर्षं. गाइड असला तर."

गाइड रिटायर होणार होते. आणि बाबूरावांकडे दोन वर्षं कुठली, दोन महिने नव्हते.

*

आता शेवटचा. हा मी आजवर कोणाला धड सांगितलेला नाही.

मिलिंद आता तेलीबागेत अकरावी-बारावीच्या फिजिक्सचं कोचिंग चालवतो. बोर्डावर 'डॉ.' नाही, नुसतं 'गजभिये सर'. पोरं जीव टाकतात त्याच्यावर. माथुर सर दोनदा बाजारात भेटले, तब्येत कशी आहे वगैरे विचारलं, त्या दिवसाबद्दल ना ते बोलले ना मी. बाबूराव विवानंतर पाच आठवडे होते. हे सगळं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी विचारायला नको.

विवाला पंधराएक माणसं होती. बाबूरावांनी हॉस्पिटलमधून दोन तासांची सुटी मागून घेतली होती. लग्नातला कोट, गळ्याला मफलर, अंगात नुसती हाडं. मी त्यांना रिक्षातून आणून शेवटच्या रांगेत दाराजवळ बसवलं, खोकला आला तर बाहेर नेता यावं म्हणून. मांडीवर वर्तमानपत्रातली ती पाटी.

"ही कशाला आणली?" मी हळूच म्हटलं.

"सरांच्या हातानं देऊ म्हटलं त्याले. पुन्हा येणं होते न होते."



मिलिंद चाळीस मिनिटं बोलला. प्रोजेक्टरवर एकेक ट्रान्सपरन्सी, म्हणजे ग्राफ काढलेला पारदर्शक कागद, ठेवत गेला, आवाज स्वच्छ, कुठे अडखळला नाही. एक्केचाळीसचा ग्राफ भिंतीवर आला तेव्हा बाहेरगावाहून आलेले परीक्षक, म्हातारे प्रोफेसर होते, ते खुर्चीत पुढे सरकले. शेवटी म्हणाले, "ऐसा एज मैं अपने यहाँ दस साल में नहीं निकाल पाया. मुझे कुछ नहीं पूछना है."

सर उठायला लागले. पुढे कोणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली होती.

"सर, एक ट्रान्सपरन्सी रह गई," मिलिंद म्हणाला.

"गजभिये साहब, उसकी ज़रूरत नहीं है."

"है, सर."

त्याने एक्केचाळीसचा ग्राफ परत ठेवला. त्याच्यावर दुसरी ट्रान्सपरन्सी ठेवली आणि बोटाने सरकवत जुळवली. भिंतीवर आधी दोन रेषा होत्या, त्यांची एक झाली.

"नीचे वाला इकतालीस नंबर है. ऊपर वाले में फ़िल्म नहीं है, सर. सिर्फ़ चाँदी का पेंट है. दोनों एक हैं."

परीक्षक उठून भिंतीपाशी गेले आणि त्या रेषेवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवत राहिले. सर अर्धे उभे होते ते हळूहळू खाली बसले. मी माझ्या हातांकडे बघत होतो.

बाबूरावांनी लखनौत तीस वर्षं काढली होती, हिंदीचा शब्द न् शब्द त्यांना कळत होता. ते भिंतीकडे बघत होते. मग पोराकडे बघितलं, बराच वेळ. मग माझ्या कानाशी वाकले.

"झाले का मोजून?"

"झाले, बाबूराव."

"बरोबर?"

"आता बरोबर."

त्यांनी मान हलवली आणि मांडीवरच्या पाटीची सुतळी सोडायला घेतली.